मेजावरची चादर

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराकडे जाताना वालीव हे गाव लागते. एके काळी भातशेतीचा असलेला हा मुलूख आज लहानमोठ्या कारखान्यांनी आणि उंच इमारतींनी भरून गेला आहे. ह्या इमारतींतील बिऱ्हाडांत चार खुर्च्यांचे एखादे जेवणाचे मेज असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्या मेजावर बहुधा बाजारातून आणलेले, फुलांची छपाई असलेले प्लॅस्टिकचे आच्छादन असते. क्वचित एखाद्या घरी मात्र गृहिणीने स्वतः शिवलेली, जुन्या लुगड्याचा काठ लावलेली सुती चादर दृष्टीस पडते. पाहणाऱ्यास ती केवळ शोभेची वस्तू वाटते. परंतु मराठी घरात जेवणाच्या ताटाखाली कापड यावे, ही घटना वाटते तितकी साधी नाही. तिच्या पोटी सोवळ्याओवळ्याचा, पंक्तिभेदाचा आणि स्त्रीच्या घरातील स्थानाचा मोठा इतिहास दडलेला आहे. आणि त्या इतिहासाचा आरंभ ज्या ठिकाणी झाला, त्यांत वसईचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

आपल्या पूर्वजांची भोजनाची रीत परक्या प्रवाशांनी मोठ्या बारकाईने टिपून ठेविली आहे. इसवी सनाच्या सातव्या शतकात ह्यूएनत्संग हा चिनी यात्रेकरू ह्या देशी आला व पुलकेशीच्या राज्यात महाराष्ट्रातही येऊन गेला. येथील लोकांची वस्त्रे बेतून शिवलेली नसतात, उरलेले अन्न ते पुन्हा वाढीत नाहीत आणि मातीचे भांडे एकदा वापरले की टाकून देतात, असे त्याने लिहून ठेविले आहे. पुढे सन १०३० च्या सुमारास अल्बेरूणी ह्या पंडिताने हिंदूंच्या चालीरीतींचे वर्णन केले. त्यात त्याने हिंदू एकेकटे जेवतात व त्यांचा दस्तरखान शेणाचा असतो, अशा अर्थाचे एक मार्मिक विधान केले आहे. दस्तरखान म्हणजे जेवणासाठी अंथरावयाचे कापड. सारवलेल्या जमिनीस त्याने हे नाव दिले, ह्यात थोडी थट्टा असेलही. परंतु गोष्ट त्याने बरोबर ओळखली होती. त्याच्या देशी जे काम कापड करीत असे, ते येथे गोमयाने होत असे.

कापड न अंथरण्याचे कारण दारिद्र्य नव्हे, की कापडाची वाणही नव्हे. वालीवपासून जवळच असलेल्या सोपाऱ्याचे बंदर ग्रीक व्यापाऱ्यांस ठाऊक होते, आणि पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून सुती कापड दूरदेशी जात असे. ठाण्याच्या कापडाचा उल्लेख मार्को पोलोने केला आहे. सुईही घरोघर होती. जुनेरांचे थर एकावर एक ठेवून त्यांवर धावदोरा घालीत शिवलेली गोधडी ही मराठी स्त्रीची अस्सल कला होय. म्हणजे कापड होते, दोरा होता, हातात कसबही होते. पण ते सर्व अंथरुणापाशी थांबले, पानापाशी आले नाही. ह्याचे मूळ खरकट्याच्या कल्पनेत आहे. शिजविलेल्या अन्नाचे शीत ज्या वस्तूवर पडले ती खरकटी झाली. जमीन असेल तर उष्टी काढून तीवर शेणगोळा फिरविला की ती शुद्ध. केळीचे पान वा पत्रावळ असेल तर ती टाकून दिली की काम संपले. कापडाची गोष्ट निराळी. ते टाकून देता येत नाही व प्रत्येक भोजनानंतर धुणेही होत नाही. शिवाय सोवळ्यात शिवलेले वस्त्र वर्ज्य, म्हणून जेवावयास बसणाराही अंगरखा उतरवून मुकटा नेसून पाटावर बसे. तेथे पानाखाली शिवलेली चादर कशी चालावी?

अशा स्थितीत सन १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांस दिली आणि पुढील दोनशे वर्षे हे नगर त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे झाले. किल्ल्यात वाडे उठले, मठ उठले, आणि त्या वाड्यांतून उंच मेजाभोवती बसून जेवण्याची युरोपी रीत आली. तथापि सामान्य रयतेस किल्ल्यातील सरदारांची मेजे कोठून दिसणार? पापडी, सांडोर, रमेदी, नंदाखाल अशा गावांतून वसलेल्या ख्रिस्ती लोकांनी मेजावर अंथरलेले पांढरे वस्त्र प्रथम पाहिले असेल ते बहुधा देवळातील वेदीवर. ख्रिस्ती उपासनेत वेदी हे प्रभूच्या भोजनाचे मेज होय. पूर्वीच्या नियमाप्रमाणे तीवर जवसाच्या सुताची तीन वस्त्रे असावी लागत. सन १९६९ नंतरच्या नियमाप्रमाणे निदान एक पांढरे वस्त्र असावे लागते. ह्याखेरीज पवित्र भाकरीखाली एक लहान चौकोनी वस्त्र वेगळे अंथरतात. त्याचा हेतू भाकरीचा कणही वाया जाऊ नये हा असतो. येथे दोन धर्मांची दृष्टी ताडून पाहण्याजोगी आहे. दोघांनाही सांडलेल्या कणाची चिंता आहे. एकाने त्या कणासाठी वस्त्र अंथरले, तर दुसऱ्याने त्या कणामुळेच वस्त्र दूर ठेविले.

युरोपात ह्या चादरीस आणखी एक अर्थ होता. एका चादरीवर जेवणारे ते एका मानाचे, अशी तेथील सरदारवर्गाची समजूत असे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये एखाद्या कलंकित सरदाराची मानहानी करावयाची झाल्यास त्याच्यासमोरील चादर सुरीने कापून वेगळी करीत. त्याचा अर्थ, हा आता आमच्या पंक्तीचा नव्हे. पंक्तीतून उठविणे म्हणजे काय, हे मराठी माणसास समजावून सांगण्याची गरज नाही. वस्तू निराळ्या असल्या तरी माणसे जेवणाच्या जागीच एकमेकांस जवळ करितात व तेथूनच दूर लोटतात, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

सन १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. विजयाची खूण म्हणून तेथील देवळांच्या घंटा मराठी मुलखात आल्या; नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील प्रचंड घंटा पुष्कळांनी पाहिली असेल. ह्या घंटांचे कौतुक सर्वत्र झाले. पण पोर्तुगिजांची दुसरी एक ठेव घरोघर राहून गेली, तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. ती ठेव शिवणाच्या टोपलीतील शब्दांची. बटण ज्यात अडकवितात ते 'काज' म्हणजे पोर्तुगीज 'काझा', अर्थात घर. 'फीत' हा त्यांचाच 'फिता'. 'इस्त्री'ही त्याच भाषेतून आली असे मानतात. गोव्याच्या कोकणीतील 'तुवालो' आणि हिंदीतील 'तौलिया' हे दोन्ही पोर्तुगीज 'तोआल्या'चे वंशज. आणि हा 'तोआल्या' शब्द त्या भाषेत अंग पुसण्याच्या व मेजावर घालण्याच्या अशा दोन्ही कापडांस लावतात. 'मेज' शब्दाचे मूळ कोणी फारसीत दाखवितात, कोणी पोर्तुगिजांच्या 'मेझा'त.

आता शिवणाची टोपली पुरतीच उलगडून पाहावी. सुई, कात्री, दोरा हे संस्कृत-प्राकृताच्या घरचे. अस्तर, चादर, रुमाल, कशिदा हे फारसीचे. काज, फीत पोर्तुगिजांची. आणि जी वस्तू शिवावयाची ती 'टेबलक्लॉथ' इंग्रजांची. दीड-दोन हात कापडाच्या तुकड्यात ह्या किनाऱ्यावर येऊन गेलेल्या राज्यांची हजेरी लागली आहे!

इंग्रजी अमलात मेजाची गाठ उच्चवर्णीय मराठी समाजाशी पडली. सन १८६७ मध्ये विरारपासून मुंबईस आगगाडी सुरू झाली. वसईकडचा माणूस नोकरीधंद्यासाठी मुंबईस जाऊ लागला आणि शहरातील रीती पाहू लागला. पाहणे सोपे होते, बसणे सोपे नव्हते. त्याची साक्ष सन १८९० च्या पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहाने दिली. तेथे व्याख्यानास जमलेल्या मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेही त्या मंडळींत होते. हजर असणाऱ्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली, बहिष्काराचा गवगवा झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर प्रायश्चित्तावर आले. एका पेल्यासाठी एवढे रामायण घडले, ह्याचे आज हसू येईल. परंतु ज्या समाजात पंगत हीच जातीची सीमा होती, तेथे परक्याच्या मेजापाशी घेतलेला घोट ही सीमा ओलांडण्याची गोष्ट होती.

ही सीमा एका बाजूने सुधारकांनी आणि सहभोजनांनी खचविली, तर दुसऱ्या बाजूने ती सुईने उसविली. सन १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले. सन १९०९ मध्ये रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकाराने पुण्याचे सेवासदन उभे राहिले. अशा संस्थांतून विधवा व परित्यक्ता स्त्रियांस अक्षरांबरोबर शिवणकामही शिकविण्यात येऊ लागले. हेतू हा की, दुसऱ्याच्या घरी राबण्यापेक्षा स्वतःच्या हातच्या कामावर दोन घास मिळावेत. याच सुमारास शिवणयंत्र घरी येऊ लागले. एलियस हाव ह्याने सन १८४६ मध्ये व आयझॅक सिंगर ह्याने सन १८५१ मध्ये अमेरिकेत आपापल्या यंत्राचे हक्क मिळविले होते. यंत्रांच्या वेडावर टीका करणाऱ्या गांधीजींनीही सन १९२४ मध्ये सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला, तो ते माणसाचे कष्ट हलके करिते म्हणून. पुढे चौथ्या दशकात कलकत्त्यास 'उषा' हे देशी यंत्र तयार होऊ लागले. सन १९३० मध्ये निघालेल्या 'स्त्री'सारख्या मासिकांचा वाचकवर्ग घडला तो ह्याच काळात. आणि दुसुतीवर भरलेले रुमाल मराठी दिवाणखान्यात दिसू लागले.

मेज घरात आले तरी खरकट्याची भीती लगेच गेली नाही. म्हणून कित्येक घरांनी एक तोड काढिली. मेजावर मेणकापड घालावयाचे, आणि जेवण झाले की ओल्या फडक्याने पुसून घ्यावयाचे. हे मेणकापड म्हणजे सारवलेल्या जमिनीचाच नवा अवतार होय. आजचे प्लॅस्टिकचे आच्छादन त्याचेच धाकटे भावंड. स्वच्छतेची सोय त्यात आहे हे मान्य केलेच पाहिजे. जुनी समजूत नव्या सामानाशी अशी तडजोड करून घेते, ह्यात वावगे काही नाही.

पण मेजाने केलेला खरा बदल निराळाच आहे. पाटांच्या पंगतीत पुरुष आधी बसत, स्त्री वाढीत असे व सर्वांचे आटोपल्यावर मागून जेवीत असे. मेजावर भांडी मध्ये ठेविता येतात, ज्याने त्याने वाढून घेता येते; त्यामुळे वाढणारीलाही एक खुर्ची मिळू शकली. सर्वच घरी ती मिळाली असे नव्हे. मेज आहे, चादर आहे, आणि ती शिवणारी मात्र अद्याप चुलीपाशी उभी आहे, असा देखावा आजही विरळा नाही.

ज्या घरी अशी चादर शिवावयाची असेल तेथे पुढील हिशेब उपयोगी पडेल. चार फूट लांब व अडीच फूट रुंद मेजास चारी बाजूंनी नऊ इंच कापड लोंबते ठेवावे आणि काठ दुमडण्यासाठी दर बाजूस दीड इंच धरावे. म्हणजे लांबी एकोणसत्तर व रुंदी एकावन्न इंच होते. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून ते बेतण्यापूर्वीच पाण्यातून काढून वाळवावे. छत्तीस इंच पन्ह्याचे कापड असल्यास मध्ये जोड देऊ नये. पूर्ण पन्हा मध्ये ठेवून दोन्ही बाजूंस सुमारे साडेआठ इंचांच्या पट्ट्या जोडाव्यात, की जोड मेजाच्या कडेखाली जातो आणि ताट डगमगत नाही. त्या पट्ट्यांसाठी जुन्या लुगड्याचे काठ उत्तम; परंतु त्यांचा रंग जातो की काय, हे आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. कोपऱ्यावरील जादा कापड तिरके कापून मग दुमडावे, म्हणजे तेथे गाठोडे होत नाही. यंत्र नसल्यास हातशिलाईने एका दुपारचे नव्हे, पण तीनचार दुपारचे हे काम आहे; आणि ते घरातील मुलीनेच केले पाहिजे असा कोठे नियम नाही, मुलाच्या हातीही सुई धरवते.

वालीवच्या कारखान्यांतून दिवसपाळी सुटते, तेव्हा निरनिराळ्या प्रांतांची व जातींची माणसे एकाच रस्त्याने घरी परततात. दुपारी त्यांतील पुष्कळांनी शेजारी बसून आपापले डबे उघडलेले असतात, आणि कोणाचे शीत कोणाच्या बाजूस सांडले ह्याचा हिशेब ठेविलेला नसतो. शंभर वर्षांपूर्वी हे सहज घडणारे नव्हते. घरच्या मेजावर चादर अंथरताना तिचा रंग व काठ जरूर पाहावा. पण त्याबरोबर तिच्याभोवती किती खुर्च्या मांडल्या आहेत आणि त्यांपैकी कोणाची अजून रिकामी आहे, हेही एकदा मोजून पाहावे.