एक धुराडें, दोन अग्नि

गेल्या हिवाळ्यांत माझ्या पुतण्याचें पत्र आलें. त्यानें महाबळेश्वरीं एक जुना बंगला घेतला आहे. दिवाणखान्याच्या भिंतींत साहेबलोकांच्या वेळची शेकोटी आहे आणि तिच्यावर विटांचें धुराडें आहे. "काका, शेकोटीच्या जागीं लाकडाची लोखंडी शेगडी बसवितों, आणि पलीकडच्या न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरचा नळहि त्याच धुराड्यांत सोडतों. चालेल ना?" असा त्याचा प्रश्न होता. मी स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हें. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला, एवढेंच. परंतु ह्या प्रश्नाचें उत्तर इतिहासानें पूर्वींच देऊन ठेविलें आहे. तेंच श्रोत्यांपुढें मांडतों.

इंग्लंडांत दुसऱ्या चार्लस राजाच्या अमदानींत, इ. स. १६६२ मध्यें, एक नवी पट्टी बसली. आपल्याकडे घरपट्टी, तशी ती चूलपट्टी! दर शेकोटीमागें वर्षाला दोन शिलिंग. लोकांना ती फार जाचे. ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल नांवाच्या खेड्यांत पाव भाजणाऱ्या एका बाईनें ही पट्टी चुकविण्यासाठीं भिंत फोडली आणि आपल्या भट्टीचा धूर शेजाऱ्याच्या धुराड्यांत सोडला. इ. स. १६८४ मध्यें त्यांतून आग भडकली. वीस घरें जळालीं, चार माणसें प्राणांस मुकलीं. पुढें टेकडीच्या वरच्या अंगास दगडी घरें बांधून गांव पुन्हां वसलें. ती पट्टी १६८९ मध्यें रद्द झाली. गेलेलीं माणसें मात्र परत आलीं नाहींत.

असें कां व्हावें? धुराड्याचें काम साधें आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि खालची हवा मागोमाग ओढून घेते. ह्या ओढीवरच सर्व कांहीं अवलंबून असतें. एका नळीला दोन तोंडें पाडलीं कीं दुसऱ्या तोंडांतून थंड हवा शिरते, ओढ मंदावते आणि एका अग्नीचा धूर दुसऱ्याच्या खोलींत उतरूं शकतो. त्यांत दोघांचे स्वभाव भिन्न. लाकडाचा धूर काजळी आणि डांबरासारखा चिकटा मागें ठेवतो. तो थर वाढून नळी चोंदते, आणि ठिणगी पडल्यास धुराडेंच आंतून पेटतें. गॅसच्या ज्वाळेचा धूर दिसत नाहीं, परंतु त्यांत वाफ फार असते. थंड नळींत ती पाणी होऊन ओघळते.

लाकडाचा धूर परतला तर डोळे चुरचुरतात, माणूस सावध होतो. परंतु अपुऱ्या हवेंत जळणारा कोणताहि अग्नि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु सोडतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायूची जागा तो बळकावतो, हें फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखविलें. तरीहि १८६८ मध्यें लंडनच्या मॉन नांवाच्या गृहस्थानें गॅसचा गीझर काढला, त्याला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती! पुढें २९ सप्टेंबर १९०२ रोजीं प्रख्यात कादंबरीकार एमिल झोला पॅरिसमध्यें आपल्या शयनगृहांत ह्याच वायूनें मरण पावला. धुराडें तुंबलें होतें.

लंडनच्या जुन्या घरांचीं चित्रें पाहा. छपरावर धुराडें एकच, पण त्याच्या माथ्यावर मातीच्या नळकांड्यांची रांग दिसते. आंत विटांचे पडदे घालून प्रत्येक शेकोटीला स्वतंत्र नळी दिलेली असे. बाहेरून एक, आंतून अनेक. आज इंग्लंड-अमेरिकेंतील बांधकामाचे नियमहि लाकडाच्या शेगडीला स्वतंत्र नळी द्यावी, तींत गॅसचें साधन जोडूं नये, असेंच सांगतात.

आमच्या लहानपणीं तांब्याचा बंब पेटे. धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. आतां न्हाणीघरें बंदिस्त झालीं, आणि गॅसच्या गीझरनें गुदमरून माणसें गेल्याच्या बातम्या मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत येतात. म्हणून मीं पुतण्याला लिहिलें: धुराडें साफ करवून तें शेगडीलाच दे, गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत बसीव.

खर्च वाढला, अशी त्याची कुरकूर आली. मीं उलट टपालीं चर्चिलच्या दोन शिलिंगांची हकीकत धाडली. गीझर आतां मागल्या पडवींत आहे.