गावाच्या कैफियतीची कुळकथा

पुळल आणि तिरुमुल्लैवायल ही चेन्नईच्या वायव्येची दोन गावे आता महानगरात मिसळून गेली आहेत. पुळल शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावामुळे माहीत, तिरुमुल्लैवायल मासिलामणीश्वराच्या देवळामुळे. या दोन गावांना बांधणारी एक हकीकत कागदावर आहे. पुळलला कुरुंब नावाच्या लोकांचा किल्ला होता. अदोंडै नावाचा राजा त्यांच्यावर चालून गेला, हरला आणि मागे फिरला. वाटेत त्याच्या हत्तीचा पाय जाईच्या वेलात अडकला. वेल तोडताना तलवारीचा घाव खालच्या शिवलिंगाला लागला. देव प्रसन्न झाला, त्याने नंदी सोबत दिला आणि किल्ला पडला. तिरुमुल्लैवायलच्या देवळातला नंदी आजही लिंगाकडे पाठ करून बसलेला आहे आणि गाभाऱ्यासमोर रुईच्या लाकडाचे दोन खांब आहेत. ते कुरुंबांच्या किल्ल्यातून आणले, असे गाव सांगते. कुरुंबांची ही हकीकत कर्नल कॉलिन मॅकेन्झीच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गोळा केलेल्या कागदांत सापडते. अशा गाववार टिपणाला म्हणत कैफियत. मराठी दप्तरांशी ओळख असलेल्या वाचकाला हा शब्द नवा नाही.

गावाचा इतिहास लिहिण्याची रीत इंग्रजांनी इथे आणली, असे सहज मानले जाते. समज अगदी निराधार नाही. इंग्लंडमध्ये ही परंपरा भक्कम होती. श्रॉपशरमधल्या मिडल गावचा इतिहास रिचर्ड गफने 1701 च्या सुमारास लिहिला आणि त्याची मांडणी चर्चमधल्या बाकांवरून केली: कोणत्या बाकावर कोणते घराणे बसते, तो बाक त्या घराण्याकडे कसा आला. गिल्बर्ट व्हाइटच्या 1789 च्या सेलबोर्नविषयीच्या पुस्तकात पक्षी-झाडांसोबत गावच्या पुरातन गोष्टीही आहेत. पण गफच्या पुस्तकाकडे नीट पाहिले तर त्याचा उगम कुतूहलाइतकाच हक्कात आहे हे दिसते. बाक कोणाचा, हा वादाचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर इतिहासच देऊ शकत होता. हीच गरज आपल्याकडेही होती आणि तिच्यासाठी इंग्रजांची वाट पाहावी लागली नव्हती. तेलुगू मुलखातले करणम, म्हणजे आपल्याकडचे कुलकर्णी, कविले नावाची दप्तरे ठेवत. गाव कोणी वसवले, शिवार कुठवर, इनाम कोणाला, देऊळ कोणत्या राजवटीतले, हे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाई. मॅकेन्झीकडच्या कैफियतींचा कच्चा माल बऱ्याच अंशी हाच होता. मराठी मुलखातले महजर, करीने आणि वतनाच्या वादातल्या कैफियती याच कुळातल्या. तंजावरला सरफोजीराजांनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरवून घेतला, तोही ईस्ट इंडिया कंपनीच्या कोणा अधिकाऱ्याच्या प्रश्नावलीला दिलेले उत्तर नव्हते.

यावर आक्षेप येईल की प्रश्न मॅकेन्झीने ठरवले आणि पगार कंपनीने दिला, मग श्रेय त्यांचेच. मॅकेन्झीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. 1783 मध्ये मद्रासला आलेल्या या स्कॉटिश अधिकाऱ्याने टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरची मोजणी करताना नकाशापलीकडे पाहिले, हे मोठेच. पण गावात शिरून पुजाऱ्याला, करणमाला बोलते करणे, पोथी मागून घेणे, शिलालेखाची नक्कल उतरवणे ही कामे त्याचा सहायक कावली वेंकट बोरय्या याने उभी केली. तो 1803 मध्ये तरुणपणीच गेला, तेव्हा त्याचा भाऊ लक्ष्मय्या याने धुरा घेतली. मॅकेन्झी जावाच्या मोहिमेवर असताना मद्रासचे काम लक्ष्मय्याच पाहत होता. गावोगाव फिरणाऱ्यांच्या यादीत नारायणराव, आनंदराव, बाबूराव अशी नावे आहेत. बोरय्याने आपल्याला भारतीय विद्येचे दार उघडून दिले, हे मॅकेन्झीने 1817 च्या पत्रात स्वतः मान्य केले आहे. शिवाय प्रश्न कोणीही विचारो, उत्तर देण्याजोगे लिखित साहित्य गावात नसते तर प्रश्न हवेतच राहिले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कैफियतींत दंतकथा फार आणि सांगणाऱ्याचा स्वार्थ उघड, मग त्यांना इतिहास का म्हणायचे? अदोंडैच्या कथेवरून लढाईचे साल काढता येत नाही, हे खरे. पण पुळल कोट्टम हा प्रशासकीय विभाग तिरुवोट्रियूरच्या चोळकालीन शिलालेखांत येतो. कैफियतीतले कुरुंब जैन आहेत आणि पुळलला आदिनाथाचे जैन मंदिर आहे. म्हणजे कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एका जुन्या सत्ताकेंद्राची आणि मागे पडलेल्या धर्माची आठवण तिच्यात शिल्लक राहते. ताम्रपट आणि शिलालेख दान देणाऱ्याची बाजू सांगतात. जिंकलेल्यांच्या आणि हरलेल्यांच्या वस्त्या शेजारी कशा नांदल्या, हे कैफियत सांगते. स्वार्थाचे म्हणाल तर गफच्या बाकांमागेही तो होता, आणि तरीही मिडलला कोणी इतिहासाबाहेर काढलेले नाही.

मॅकेन्झी 1821 मध्ये वारला. कंपनीने संग्रह एक लाख रुपयांना घेतला. एच. एच. विल्सनच्या 1828 च्या सूचीत 8,076 शिलालेखांच्या नकला आणि 2,070 स्थानिक टिपणे मोजलेली आहेत. लक्ष्मय्याने हे काम पुढे चालवण्याची परवानगी मागितली तेव्हा, 1836 च्या सुमारास, बंगालच्या एशियाटिक सोसायटीने असले काम एतद्देशीयाला झेपणार नाही असा अभिप्राय दिला. ज्या माणसाने ते काम वर्षानुवर्षे केले त्यालाच हे ऐकावे लागले. हा निव्वळ अन्याय होता, आणि इंग्रजांनी आपल्याला स्थानिक इतिहास शिकवला हा समज बळावण्याचे एक कारणही त्यातच आहे.

दक्षिणी भाषांतले कागद पुढे कलकत्त्याहून मद्रासला परत आले. सी. पी. ब्राउनने जीर्ण झालेल्यांच्या नकला करवल्या, आणि आज ते चेन्नईच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात आहेत. तिथे मराठी आणि मोडी कागदही आहेत. मोडी शिकणाऱ्या तरुण मराठी अभ्यासकांनी पुणे आणि तंजावरसोबत चेन्नईचाही रस्ता धरावा.