दुधाची डिग्री आणि हायपेशियाची नळी

मागच्या महिन्यात आमच्या गटातली एक ताई रडतच बैठकीला आली. डेअरीत तिच्या दुधात काचेची नळी सोडली, डिग्री कमी आली आणि चारचौघांत "पाणी घातलंय" म्हणून दूध परत केलं. तिनं तर पाण्याचा थेंबही घातला नव्हता. म्हणून आज त्या नळीचीच गोष्ट सांगते.

नळी मोजते ती घनता, म्हणजे ठरावीक मापात किती वजन मावतं ते. लिटरचं माप पाण्यानं भरा, वजन एक किलो. गोडेतेलानं भरा, साधारण ९२० ग्रॅम. दुधानं भरा, साधारण १०३० ग्रॅम. तेल पाण्यापेक्षा दाट दिसतं, पण वजनाला हलकं, म्हणून वर तरंगतं. दुधात पाणी पडलं की त्याची घनता उतरते.

सुमारे २२०० वर्षांपूर्वी सिराक्यूज शहरातल्या आर्किमिडीज यांनी नियम मांडला, की तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकाच द्रव बाजूला सारते. म्हणून हलक्या द्रवात नळी जास्त बुडते, जड द्रवात वर राहते.

पुढे सुमारे १६०० वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात हायपेशिया ही विदुषी गणित आणि खगोल शिकवत होती. लांबलांबून पुरुष तिच्याकडे शिकायला येत. तिचा शिष्य सिनेसियस यानं तिला पत्र लिहून असंच एक यंत्र करून मागितलं: खाली वजन लावलेली, अंगावर खुणा केलेली, पाण्यात उभी राहणारी नळी. ते पत्र आजही उपलब्ध आहे. ४१५ साली शहरातल्या धर्म आणि सत्तेच्या भांडणात जमावानं हायपेशियाचा खून केला. पण बाईकडे असं यंत्र मागणारं ते पत्र मागे राहिलं.

आपल्या डेअरीतला लॅक्टोमीटर त्याच जातीचा. पण तोही फसतो. धारोष्ण दूध कोमट आणि फेसाळ असतं, त्यामुळे घनता कमी भरते आणि डिग्री खाली येते. उलट साय काढली तर डिग्री वाढते, कारण स्निग्धांश हलका. मग कुणी साय काढून पाणी घातलं, तर डिग्री बरोबरही येते! म्हणून फॅट वेगळं तपासावं लागतं. १८९० साली अमेरिकेत स्टीफन बॅबकॉक यांनी त्याची सोपी रीत काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी ताईबरोबर गेलो. म्हटलं, "दादा, फेस बसू द्या, दूध निवू द्या, मग मोजा. फॅटही लावा." डिग्री बरोबर आली. आदल्या दिवशीचं दूध काही परत मिळालं नाही, पण ताईची मान वर झाली.

तेव्हा मैत्रिणींनो, डिग्री कमी आली तर गप्प घरी येऊ नका. दूध निववून पुन्हा मोजायला सांगा.