कुत्र्यांचा संहार आणि शस्त्रवैद्याची सुरी

मोर्शीसारखें संत्र्यांच्या बागांमधील गांव असो वा मुंबईसारखें महानगर, मोकाट कुत्र्यांचा प्रश्न दोहोंकडे सारखाच. त्यावर राज्यकर्त्यांना पहिला उपाय सुचला तो संहाराचा. मुंबईंत कंपनी सरकारनें भटकीं कुत्रीं मारण्याचा हुकूम काढला, तेव्हां जून १८३२ मध्यें कोटांतील पारशी समाज खवळून उठला. ज्याची दृष्टि मृतदेहावर पडल्यावांचून पारशांचा अंत्यविधि पुरा होत नाहीं, त्या प्राण्याची ही हत्या होती. दुकानें बंद पडलीं, दंगा झाला आणि अखेर सैन्य बोलवावें लागलें.

तरीहि संहार पुढें चालूच राहिला. मुंबई महापालिकेनें तो थांबविला १९९४ मध्यें. इतक्या वर्षांत रस्ते मात्र रिकामे झाले नाहींत. कुत्रीचा गर्भकाळ सुमारें ६३ दिवसांचा, आणि एका वेतांत अनेक पिलें. उकिरड्यावर अन्न आहे तोंवर मेलेल्यांची जागा नवीं कुत्रीं घेणारच.

दुसरा उपाय अज्ञात नव्हता. मादीचे अंडाशय काढण्याची विद्या प्राचीन आहे. डुकरिणींवरील अशा क्रियेचें वर्णन ॲरिस्टॉटलनें केलें आहे. गुंगीचें औषध आणि जंतुनाशक पद्धति एकोणिसाव्या शतकांत आल्या, तेव्हां ती पुष्कळ निर्धोक झाली. मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालयहि १८८६ मध्यें निघालें.

आज या शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. एकांत अंडाशय व गर्भाशय दोन्ही काढतात. भारतांत हाच अधिक रूढ. दुसऱ्यांत केवळ अंडाशय काढतात. हॉलंडांत ही रीत प्रचलित आहे. हींत छेद लहान पुरतो. दोहोंनींहि माज थांबतो. केवळ गर्भनलिका बांधली तर पिलें होत नाहींत, पण माज राहतो आणि नरांची झुंबडहि राहते. छेद पोटाच्या मध्यरेषेवर घेतां येतो किंवा बरगड्यांमागें कुशीवर. कुशीवरील जखम दुरून दिसते. म्हणून रस्त्यावरील कुत्रीस ती सोयीची. परंतु आंत रक्तस्राव झाला तर पलीकडचा अंडाशय गांठणें तेथून कठीण. दुर्बिणीची पद्धति सर्वांत कमी वेदनेची, पण तिचीं उपकरणें महाग.

२००१ च्या केंद्रीय नियमांनीं संहाराची जागा निर्बीजीकरणास दिली: शस्त्रक्रिया व रेबीजची लस झाल्यावर कुत्री पूर्वीच्याच जागीं सोडावयाची. २०२३ मध्यें त्यांच्या जागीं नवे नियम आले, आणि भार स्थानिक संस्थांवरच राहिला.

विदर्भांत विद्येची वाण नाहीं. नागपुरांत पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि अकोल्यास स्नातकोत्तर संस्थाहि आहे. मोर्शीसारख्या नगरपरिषदेपुढील खरा प्रश्न शस्त्रक्रियेनंतरच्या चार-पांच दिवसांचा. टांके भरेपर्यंत कुत्रीस ठेवण्यास जेथें एक स्वच्छ खोली व राखणारा माणूस नाहीं, तेथें उत्तम शस्त्रवैद्याची सुरीहि व्यर्थ जाते.