घरी संगणक नसताना घरून प्रोग्रामिंग : इंग्लंड, १९६२

कार्यालयात परतावे की घरूनच काम करावे, हा वाद कोविडने जन्माला घातला असे सर्रास मानले जाते. संगणकक्षेत्रात मात्र घरून काम करण्याची पद्धत त्याहून बरीच जुनी आहे.

१९६२ मध्ये स्टेफनी शर्ली यांनी अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ ही कंपनी स्थापन केली. त्या काळी मूल झाले की निष्णात प्रोग्रामर स्त्रीसुद्धा बहुधा नोकरीबाहेर पडत असे. शर्लींनी नेमके अशाच स्त्रियांना हेरले.

पण तेव्हाचा संगणक खोलीभर आकाराचा. तो घरी कुठून येणार? तशी गरजच नव्हती. प्रोग्राम पेन्सिलीने कागदावर लिहायचा आणि टपालाने पाठवायचा. पुढे छिद्रांच्या रूपात तो कार्डावर किंवा कागदी पट्टीवर उतरे आणि मग यंत्रात जाई. घरी टेलिफोन असणे मात्र आवश्यक होते.

खरी अडचण ग्राहकांच्या मनात होती. ‘स्टेफनी’ या सहीच्या पत्रांना उत्तरे येईनात, तेव्हा पतीच्या सूचनेवरून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या. फोन आला की त्या टंकलेखनाच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावत. तान्ह्या मुलाचा आवाज त्यात दडून जाई. काम चोख असूनही कार्यालयाचा आभास निर्माण करावा लागे, ही त्या काळाची नामुष्कीच म्हटली पाहिजे.

आणि काम खरोखरच चोख होते. कॉन्कॉर्ड विमानाच्या ‘ब्लॅक बॉक्स’साठीचे प्रोग्रामिंग याच स्त्रियांनी केले, अॅन मोफॅट यांच्या नेतृत्वाखाली, घरोघरी बसून. कंपनी ग्राहकाकडून तासांचे नव्हे, पूर्ण झालेल्या कामाचे ठरलेले मोल घेई. गिरणीच्या भोंग्यापासून चालत आलेली ‘हजेरी म्हणजेच काम’ ही समजूत इथे मोडली.

तरीही याला सरसकट ‘पसंती’ म्हणता येत नाही. यातील अनेकींपुढे घर की कार्यालय असा पर्याय नव्हताच. घरून काम किंवा काहीच काम नाही, एवढीच निवड होती. शिवाय फ्रीलान्स म्हणजे काम असेल तेव्हाच पैसा.

पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांपैकी २९७ स्त्रिया होत्या. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा झाला आणि स्त्रियांनाच प्राधान्य देण्याचे कंपनीचे धोरण बेकायदा ठरले. स्त्रियांना संरक्षण देणाऱ्या कायद्यामुळे या कंपनीला पुरुषांसाठीही दार उघडावे लागले.