कुणब्याची अक्कल आणि सरकारची काळजी

माणसाला स्वतःचं हित कळतं का? कळत नसेल, तर सरकारने मध्ये पडावं का? रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांचं 'नज' हे पुस्तक २००८ साली आलं आणि हा वाद पुन्हा रंगला. आपण मात्र आज मागे जाऊ. दख्खनच्या कुणब्याबद्दल हाच प्रश्न कधीच विचारून झाला होता.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. मागणी एकच, कर्जरोखे बाहेर काढा. रोखे हाती आले की होळी! चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. न्यायाधीशाने आता रोख्यावरच्या आकड्यावर थांबायचं नाही. मुद्दल किती, व्याज कसं चढलं, सगळं तपासायचं. कर्जापायी कुणब्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

अनेक साहेबांची समजूत अशी की कुणबी उधळ्या, लग्नात पैसा उडवणारा. खुद्द आयोगाने मात्र म्हटलं, की लग्नखर्चाला नको इतकं महत्त्व दिलं जातं. आपणही हिशेब मांडून बघू. सारा रोखीने भरायचा, ठरल्या वेळी. दाव्याची मुदत तीन वर्षांवर आलेली, म्हणून सावकार व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. अशा वेळी अंगठा उठवणं हा अविचार, की उरलेली एकच वाट?

सावकारही काही गप्प बसला नाही. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायचं आणि जमीन परत देण्याचं वचन तोंडी!

१९०१ साली सरकार आणखी पुढे गेलं. थकबाकीत जप्त झालेली जमीन परत देताना ती विकायची नाही, गहाण टाकायची नाही, अशी अट घालणारं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आलं. फिरोजशहा मेहता, गोखले आणि काही सभासद सभात्याग करून बाहेर पडले.

आता या दोन पावलांतला फरक बघा. तुरुंग बंद करणं म्हणजे सावकाराचा हात धरणं. विक्री-गहाण बंद करणं म्हणजे कुणब्याचाच हात बांधणं, आणि तेही साऱ्याची सक्ती तशीच ठेवून. काळजी दोन्हीकडे होती म्हणा. म्हणून आजही कुणी 'तुमच्या भल्यासाठी' म्हणालं, की आपण एवढंच विचारू: हात कोणाचा धरताय?