त्रेसष्ट हिवाळे

गेल्या जानेवारीत आई साताऱ्याहून दिल्लीला माझ्याकडे राहायला आली. माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ‘हॉट अँड कोल्ड’ एसी आहे, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा देणारा. मी ऐटीत रिमोटवर सूर्याचं चिन्ह आणलं आणि तिला म्हणालो, “आता शाल काढून ठेव.” पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या रात्री गरम हवा मधूनमधून थांबायला लागली आणि पहाटे यंत्र बंदच पडलं. सकाळी उठून पाहतो तर आई स्वेटर, शाल आणि वर माझं जॅकेट घालून पलंगावर बसून होती.

“अगं, उठवायचंस ना मला.”

“तू दमून येतोस रे,” एवढंच म्हणाली.

दुपारी मेकॅनिक आला. त्याने पुढचं झाकण उघडून फिल्टरची जाळी काढली, तिच्यावर राखाडी गोधडी पसरल्यासारखी धूळ होती. बाल्कनीतल्या बाहेरच्या युनिटची अवस्था त्याहून वाईट. ब्रशने आणि पाण्याने सगळं धुऊन झाल्यावर तो म्हणाला, “मशीन में कोई खराबी नहीं है, बस किसी ने हाथ नहीं लगाया.” तो ‘किसी’ म्हणजे मीच होतो. दोन वर्षं मी त्या यंत्राला रिमोटपलीकडे हात लावला नव्हता.

त्या वाक्यामुळे मी या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला. तो सुरू होतो एका साध्या कल्पनेपासून. फ्रिज आतली उष्णता उचलून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. तीच क्रिया उलटी वापरली, तर बाहेरच्या गारठ्यातली थोडीफार उष्णता गोळा करून घरात आणता येईल. १८५२ साली ग्लासगोच्या विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, हे कागदावर मांडलं. अशा यंत्राला नुसतं इंधन जाळण्यापेक्षा कमी इंधन लागेल, हेही त्याने दाखवलं. काही वर्षांतच ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगरने मीठ बनवण्याच्या कामासाठी अशा तऱ्हेचं यंत्र उभारलं. पण इमारतीला ऊब देणारं मोठं यंत्र युरोपात यायला १९३८ साल उजाडावं लागलं.

ते बसलं झुरिकच्या राटहाउसमध्ये. सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ही इमारत लिम्मात नदीला अगदी खेटून उभी आहे. स्वित्झर्लंडकडे कोळसा नाही, तो बाहेरून आणावा लागे. मग नदीच्या थंड पाण्यातूनच उष्णता उपसायची ठरली. या यंत्रातून सुमारे ६० अंशांचं गरम पाणी मिळत होतं आणि उन्हाळ्यात इमारत गार करायलाही ते वापरता येई. माझ्या भिंतीवरच्या एसीचे हे पणजोबाच. ते काढलं कधी? २००१ साली. मधे महायुद्ध झालं, माणूस चंद्रावर जाऊन आला, इंटरनेट आलं. यंत्र ६३ वर्षं त्याच कामावर होतं.

इतिहासाच्या पानावर दोनच सालं येतात, यंत्र बसवल्याचं आणि काढल्याचं. मधल्या त्रेसष्ट हिवाळ्यांत कुणीतरी दरवर्षी जाळ्यांत अडकलेला नदीचा कचरा काढला असणार, तेल बदललं असणार, गॅसची गळती शोधली असणार. इतकी वर्षं कुठलंही यंत्र आपोआप चालत नाही.

हे काम नीट झालं नाही तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकी माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. घरी परतल्यावर एकेकाला ताप आणि न्यूमोनिया झाला. एकूण २२१ जण आजारी पडले, त्यातले ३४ जण दगावले. कारण कळेपर्यंत जानेवारी १९७७ उजाडला. जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाला एक नवा जिवाणू सापडला, त्याचं नाव पडलं लीजिओनेला. तो हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरमधून पसरला असावा, असा निष्कर्ष निघाला. कोमट पाणी आणि साचलेला गाळ ही त्याची आवडती जागा. आपल्या घरच्या स्प्लिट एसीला असा टॉवर नसतो, त्यामुळे घाबरू नका. पण मोठ्या इमारतींत या टॉवरचं पाणी तपासणं आणि टाक्या धुणं यांचे नियम आज इतके कडक का आहेत, याचं मूळ त्या घटनेत सापडतं.

आता पुन्हा माझ्या बाल्कनीत येऊ. थंडीत हा एसी बाहेरच्या युनिटमधून उष्णता ओढतो, त्यामुळे तिथली कॉइल बर्फासारखी गार होते आणि हवेतल्या दमटपणाचा तिच्यावर हिमाचा थर जमतो. तो वितळवायला यंत्र थोडा वेळ उलटं चालतं, तेवढी मिनिटं घरातली गरम हवा थांबते. हे नेहमीचंच. पण कॉइल धुळीने भरलेली असेल, तर हवा पुढे सरकत नाही, हिम पुन्हा पुन्हा जमतं आणि यंत्राचा वेळ घर तापवण्याऐवजी हिम वितळवण्यातच जातो. आईच्या त्या रात्रीचं कारण हेच होतं.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जाळी काढतो, नळाखाली धुतो, सावलीत वाळवतो. दिवाळीनंतर आणि होळीनंतर, म्हणजे गरम आणि गार यांची अदलाबदल होण्याआधी, मेकॅनिकला बोलावतो. तो कॉइल धुतो, पाण्याची नळी साफ करतो, गॅसचा दाब पाहतो. दाब कमी निघाला, तर नुसता गॅस भरू देत नाही. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी ती गळती बंद करून घेतो.

या जानेवारीत आई पुन्हा आली. पहिल्याच रात्री तिने शाल उशाशी घेतली. “असू दे,” म्हणाली, “तुझ्या मशीनचा काय भरवसा!” पहाटे पाहिलं, तर शाल घडी घातलेलीच होती.